मसवेल हिलचा पब आणि मुंबईचे कोळी

लंडनला निघालोय म्हटलं की कोणी ना कोणी सांगतंच, ॲबे रोडला जा आणि बीटल्सच्या रेकॉर्डच्या कव्हरवरच्या त्या झेब्रा क्रॉसिंगवर फोटो काढ. गेलो. खरं सांगतो, वैताग आला. बीटल्स माझे लाडके आहेत, शाळेत असल्यापासून, काळाघोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून मोठ्या भावाने आणलेली कॅसेट मी टेप तुटेपर्यंत ऐकलीय, पण तिथे गाण्याचं नावच नाही हो. चौघाचौघांचे ग्रुप रस्त्यात मधोमध थांबतात, त्यातला एक कव्हरवरच्या पॉल मॅकार्टनीसारखा अनवाणी होतो, पलीकडे बसचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला, आणि फोटो नीट आला नाही म्हणून सगळे परत पहिल्यापासून. ८ ऑगस्ट १९६९ ला तो मूळ फोटो काढला तेव्हा पोलिसाने ट्रॅफिक अडवलं होतं आणि फोटोग्राफर इयन मॅकमिलनने शिडीवर चढून मोजून सहा फोटो काढले, संपलं काम. आता दिवसभर तेच चालतं. स्टुडिओबाहेरच्या भिंतीवर जगभरच्या लोकांनी लिहिलेलं मात्र मी बराच वेळ वाचत उभा राहिलो, ते छान आहे.

पण वैतागाचं खरं कारण आदल्या दिवशीची टूर. रॉकचं लंडन दाखवणारी पायी टूर होती, कंपनीचं नाव नको, गाईड बोलायला चांगला होता. लंडनच्या सोहो भागात एका कोपऱ्यावर थांबवून तो म्हणाला, भारत रॉकमध्ये आला तो बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या सतारीतून, आणि ग्रुपमध्ये भारतीय मी एकटाच म्हणून माझ्याकडे हात केला आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघून माना डोलावल्या. मी म्हटलं, अहो पण त्याच्या आधी किंक्सचं (त्याच काळातला लंडनचाच बँड) गाणं आलं होतं ना मुंबईवरून? तो हसला आणि पुढच्या चौकाकडे चालू लागला. मला ते लागलं. रात्री वेंबलीला ताईकडे (माझी आतेबहीण) जेवताना मी तेच तेच बोलत होतो, शेवटी भावजी म्हणाले, अरे मग किंक्सच्या मसवेल हिलला जा ना, तिथल्या लोकांना तुला काही पटवून द्यावं लागणार नाही.

मसवेल हिलला ट्यूब नाही. नॉर्दर्न लाइनने ईस्ट फिंचलीला उतरायचं आणि १०२ नंबरची बस पकडायची, ती फोर्टिस ग्रीन नावाच्या रस्त्याने जाते. गर्दी नाही, टुरिस्ट नाहीत, विटांची घरं, शाळेची पोरं, एक म्हातारा कुत्र्याला घेऊन चाललेला. याच रस्त्यावर डेन्मार्क टेरेसमधल्या ६ नंबरच्या घरात किंक्सचे रे आणि डेव्ह डेव्हिस वाढले. घर बघून मी गप्पच झालो, इतकं लहान आहे. सहा थोरल्या बहिणी, मग हे दोन भाऊ, रे १९४४ चा, डेव्ह १९४७ चा. शनिवारी रात्री समोरच्या पबमधून सगळे घरी यायचे आणि पुढच्या खोलीत पियानोभोवती गाणी चालायची. त्याच पियानोवर रेने ‘यू रिअली गॉट मी’ची सुरुवात बसवली आणि धाकट्या डेव्हने आपल्या छोट्या हिरव्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागद ब्लेडने फाडून तो खरखरीत आवाज काढला. १९६४ मध्ये ते गाणं इंग्लंडात एक नंबरला गेलं. आजही कुठलाही हेवी मेटलवाला विचारा, तो त्या फाटक्या स्पीकरपाशी येतोच. घरात आता दुसरे लोक राहतात, तेव्हा पडद्यांकडे टक लावून उभं राहणं बरं नाही, मी रस्ता ओलांडून पबमध्ये शिरलो.

पबचं नाव तेव्हा क्लिसोल्ड आर्म्स होतं. दोघे भाऊ लोकांसमोर पहिल्यांदा वाजवायला उभे राहिले ते इथेच. आत भिंतींवर त्यांचे फोटो, रेकॉर्डची कव्हरं, गिटार असं सगळं होतं. एका पाइंटला सहा पौंडांच्या वर मोजावे लागले, मनातल्या मनात रुपये करू नयेत, मी केले आणि मग तो ग्लास दोन तास पुरवला. त्याच दोन तासांसाठी ही पोस्ट लिहितोय.

फोटोंच्या भिंतीखालच्या टेबलावर पाच-सहा जण बसले होते, सगळे साठी-सत्तरीचे. त्यातले एक काका उत्तरेकडून, लीड्सहून आलेले, रिटायर्ड पोस्टमन, अंगात किंक्सचा टीशर्ट. एक बाई आणि त्यांचा नवरा हॉलंडचे. एक जण तिथलाच, तो रोलिंग स्टोन्सवाला. आणि एक बारीक आवाजात बोलणारे गृहस्थ यार्डबर्ड्स या त्याच काळातल्या बँडचे भक्त, त्यांना कोणी बोलू देत नव्हतं. मी नुसता भिंत बघत उभा होतो तर काकांनी विचारलं, कुठून आलात? मुंबई म्हटल्याबरोबर त्यांनी टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, बसा, इथे बसा, तुमच्याच गावावरून भांडण चाललंय.

आणि खरंच तेच चाललं होतं! म्हणजे त्या सोहोच्या कोपऱ्यावरचा माझा प्रश्न इथे माझ्या आधीच टेबलावर होता.

काकांचं म्हणणं सरळ. जानेवारी १९६५, किंक्स ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर निघालेले, वाटेत मुंबईत मुक्काम. रे पहाटे उठून समुद्रावर गेला तर लांबून गाण्याचा आवाज येतोय, मग तो आवाज जवळ आला आणि दिसलं की कोळी जाळी घेऊन कामाला चाललेत. ते त्याच्या डोक्यात राहिलं. त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस ‘सी माय फ्रेंड्स’ आलं. बीटल्सचं ‘नॉर्वेजियन वुड’ रेकॉर्ड झालं ऑक्टोबरात आणि ‘रबर सोल’ अल्बमवर लोकांच्या हातात पडलं डिसेंबरात. कॅलेंडर बघा, काका म्हणाले, यात वाद कसला?

डच बाई ठाम बीटल्सवाल्या. त्या म्हणाल्या, आधी कोण आलं हे महत्त्वाचं नाही, राहिलं कोण ते बघा. हॅरिसनने नुसती सतार वाजवली नाही, तो शिकायला बसला. सप्टेंबर १९६६ मध्ये मुंबईत ताजला उतरून रविशंकरांकडे धडे घेतले, जानेवारी १९६८ मध्ये परत मुंबईत येऊन एचएमव्हीच्या स्टुडिओत तिथल्या कलावंतांना घेऊन रेकॉर्डिंग केलं, त्यात बासरीला हरिप्रसाद चौरसिया होते. किंक्सनी पुढे काय केलं? मुंबईहून एक गाणं आणलं आणि इंग्लंडातल्या हिरवळीवर आणि चहाच्या कपांवर लिहीत बसले. हे शेवटचं त्या चिडून नाही, मायेने म्हणाल्या, कारण किंक्सचं १९६८ चं ‘व्हिलेज ग्रीन’ रेकॉर्ड त्यांनाही पाठ होतं. ते इंग्लंडात बीटल्सच्या पांढऱ्या अल्बमच्याच दिवशी बाहेर पडलं, २२ नोव्हेंबरला, आणि बिचाऱ्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.

स्टोन्सवाला म्हणाला, लोकांना सतार ऐकवली ती ब्रायन जोन्सने, १९६६ चं ‘पेंट इट ब्लॅक’, एक नंबर, बाकी सगळ्या गप्पा. तेवढ्यात यार्डबर्ड्सवाल्यांना शेवटी एकदाची जागा मिळाली. ‘हार्ट फुल ऑफ सोल’साठी आधी खऱ्या सतारवाल्याला स्टुडिओत बोलावलं होतं, तो आवाज हवा तसा बसेना म्हणून यार्डबर्ड्सच्या जेफ बेकने तेच गिटारवर काढलं, आणि ते जूनमध्ये आलं, म्हणजे तुमच्या जुलैच्या आधी. काका म्हणाले, पण त्यात भारताला कोणी गेलंच नव्हतं! मग पुन्हा सगळे एकदम बोलायला लागले. मला इतकं बरं वाटत होतं सांगू, साठेक वर्षं झाली त्या गाण्यांना आणि ही माणसं तारखांसाठी आत्ताच घडल्यासारखी भांडतायत आणि कोणी कोणावर खरं रागवत नाहीये.

मग काका माझ्याकडे वळले. म्हणाले, तुम्ही मुंबईचे, तुम्ही सांगा, ते कोळी काय गात असतील?

माझं आजोळ वेसाव्याचं, म्हणजे वर्सोव्याच्या कोळीवाड्यातलं. आईचे वडील डोलीच्या जाळ्यांवर जायचे, लहानपणी मे महिन्यात आम्ही तिकडेच असायचो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकातला नव्हता. मी त्यांना सांगितलं की आम्ही पोरं पहाटे ज्या आवाजाने जागी व्हायचो ते गाणं नव्हतंच, म्हणजे नारळी पुनवेला नाचत म्हणतात तसं नाही. जड वस्तू ओढताना एक जण पुढे आवाज टाकतो आणि बाकीचे तो झेलतात, पुढच्याचा आवाज थोडा वरखाली होतो पण मागच्यांचा एकाच सुरावर राहतो, दम लागला तरी सूर सुटत नाही कारण सूर सुटला तर हात सुटतो. टेबल शांत झालं. डच बाईंनी विचारलं, करून दाखवाल? मी एरवी चारचौघांत गाणारा माणूस नाही, पण आजोबांचा तो आवाज मला आजही कानात येतो, तसा मी टाकला, आणि दुसऱ्या खेपेला काकांनी आणि स्टोन्सवाल्याने खालचा सूर धरला. पलीकडच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. बघू देत.

मग काकांनी फोनवर ‘सी माय फ्रेंड्स’ लावलं आणि फोन मध्ये ठेवला. मी ते कितीतरी वेळा ऐकलंय, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं की त्यात सतार शोधायची नाहीच, सतार नाहीये. गिटारची एक तार सबंध गाणंभर खाली घुमत राहते, ती हलत नाही, आणि तिच्यावर रे नाकातून, जरा ओढून गातो. चाल कोळ्यांची नाही, अजिबात नाही, ते उगाच ओढून ताणून म्हणायला नको. पण तो न हलणारा खालचा सूर, तो जाळी ओढणाऱ्या मागच्या माणसांचा आहे असं माझं मत आहे आणि मी ते तिथे मोठ्याने बोललो.

आणि एक गोष्ट काकांनी सांगितली ती मला अर्धवट माहीत होती. रेच्या सहा बहिणींपैकी एकीचं नाव रेने, तिचं हृदय लहानपणापासून कमजोर. रेच्या तेराव्या वाढदिवसाला, म्हणजे जून १९५७ मध्ये, तिने त्याला स्पॅनिश गिटार घेऊन दिली आणि त्याच रात्री लंडनच्या लायसियम या नाचघरात नाचायला गेली, तिथेच नाचता नाचता गेली. गाण्यात कोणीतरी नदीपार निघून गेलंय, ते पलीकडचं माणूस म्हणजे तीच, असं चाहते मानतात. म्हणजे बहिणीचं दुःख त्या मुलाने सात-आठ वर्षं मनात ठेवलं आणि त्याला सूर मिळाला तो मुंबईच्या किनाऱ्यावर. हे सांगताना काकांचे डोळे भरले होते, माझेही.

म्हणून माझं मत विचाराल तर मी काकांच्या बाजूने. हॅरिसनबद्दल मला प्रचंड आदर आहे, तो आपल्याकडे शिष्य होऊन आला, आणि मोठ्या उस्तादांकडे आला, ते जगाला माहीत आहे आणि माहीत असायलाच हवं. पण त्याच्या आधी आपल्याकडची जी पहिली गोष्ट त्या मुलांच्या कानात शिरली ती मैफिलीतली नव्हती, ती कामावर निघालेल्या माणसांची होती, ज्यांना कोणी गवय्ये म्हणत नाही आणि ज्यांची नावं कुठल्याच कव्हरवर नाहीत. रॉक म्युझिकच्या पुस्तकांत सतारीवर पानंच्या पानं असतात आणि यावर एखादी ओळ. आपल्याकडे तर तीही नाही. गाईडचं एक वेळ जाऊ दे, मुंबईत किती जणांना हे माहितीय?

बाकी लंडन नेहमीसारखं, म्युझियम, पाऊस, ताईच्या हातची भरली वांगी. वॉटर्लू ब्रिजवर संध्याकाळी गेलो, किंक्सचं १९६७ चं ‘वॉटर्लू सनसेट’ हे इथल्या सूर्यास्ताचं गाणं आहे म्हणून, तर ढग होते. तरी तिथे कठड्याला टेकून इअरफोन लावलेली दोन माणसं दिसली, ती कशाला आलीत ते विचारावं लागलं नाही.

परत आल्यावर वेसाव्याला गेलो, कारण काकांनी जाताना ईमेल लिहून दिला होता आणि मला बजावलं होतं, तो आवाज रेकॉर्ड करून पाठवा. मामा म्हणाला, आता कोन गातंय रे, इंजिन हाय ना. पण पावसाळ्याआधी होड्या वर घेताना अजून माणसं लागतात, तेव्हा ये. मी गेलो. जुने दोन-तीन जण होते, त्यांनी आवाज टाकला, बाकीची तरुण पोरं आधी लाजली आणि मग होडी हलेना तेव्हा त्यांनीही धरला. फोनवर वाऱ्याचा घूं घूं जास्त आलाय पण खालचा सूर स्पष्ट ऐकू येतो. तो पाठवला. काकांचं उत्तर आलं की क्लिसोल्डमध्ये सगळ्यांनी ऐकलं, डच बाईंना फोन करून ऐकवलं, त्या अजून हॅरिसनवरच ठाम आहेत, आणि यार्डबर्ड्सवाले विचारतायत की जून महिना जुलैच्या आधी येतो हे मुंबईत मान्य आहे ना. मी त्यांना मोठं उत्तर लिहायला घेतलंय.