कुरव नोंदवही, डिसेंबरअखेर: आधी वय, मग जात

आंजर्ल्याच्या खाडीचं मुख, हर्णै बंदर आणि गुहागरचा किनारा, या तीन जागांवरची छोट्या कुरवांची (म्हणजे सीगल पक्ष्यांची) मोजणी आता मार्गी लागली आहे. काळ्या डोक्याचा कुरव आणि तपकिरी डोक्याचा कुरव वेगवेगळे लिहायचे, काम एवढंच. तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या बऱ्याच नोंदी 'दोन्हींपैकी एक' या रकान्यात परत टाकाव्या लागल्या. जात आधी ठरवली आणि वय नंतर, ही त्यातली मूळ चूक.

नावांचा इथे काही उपयोग नाही. हिवाळ्यात दोघांचंही डोकं पांढरं असतं आणि कानामागे एक काळपट ठिपका उरतो. विणीच्या पिसाऱ्यातसुद्धा 'काळ्या डोक्याच्या'चं डोकं गडद चॉकलेटीच असतं. 'तपकिरी डोक्याच्या'चं त्याहून फिकट, मानेकडच्या कडेला गडद. आकारात तपकिरी डोक्याचा थोडा मोठा, मान जाड, चोच दणकट. दोघे शेजारी उभे असतील तरच हा फरक कामाचा.

पुस्तकातली पहिली खूण डोळ्याची. तपकिरी डोक्याच्या प्रौढाचं बुबुळ फिकट, काळ्या डोक्याच्याचं गडद. खूण खरी आहे, पण प्रौढांपुरती. पहिल्या हिवाळ्यातल्या तपकिरी डोक्याच्या पिल्लाचा डोळाही गडदच असतो. नुसता डोळा पाहून लिहिलं तर अशी सगळी पिल्लं काळ्या डोक्याच्या खात्यात जातात. आमच्या जुन्या नोंदी इथेच बिघडल्या.

म्हणून आता पहिला रकाना वयाचा. शेपटीच्या टोकाला काळी पट्टी आणि पंखावर तपकिरी पिसं दिसली की पहिला हिवाळा. शेपूट पांढरी आणि पाठ-पंख एकसारखे राखाडी असले की प्रौढ. दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत हे कुरव जवळजवळ प्रौढच दिसतात, त्यामुळे मधल्या वयांचा घोळ फारसा नाही.

मग पंखाचं टोक, आणि निकाल तिथेच लागतो. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड बाहेरच्या बाजूला पांढरी असते. ही पाचर लांबूनही चमकते आणि काळा रंग टोकांच्या किनारीपुरता राहतो. तपकिरी डोक्याच्या प्रौढात टोकाचा मोठा भाग काळा, आणि सगळ्यात बाहेरच्या दोन पिसांवर पांढरे ठिपके, ज्यांना आपण मिरर म्हणतो. पहिल्या हिवाळ्यात हे मिरर नसतात, काळं टोक मात्र रुंद असतं. त्याच वयाच्या काळ्या डोक्याच्यात पुढची पांढरी कड गडद रेघांनी मळलेली असते, पण असते.

बसलेल्या पक्ष्यात यातलं बहुतेक झाकलेलं राहतं. त्याला उडवू नका. थवा उडाला की पलीकडच्या दांड्यावर उतरतो आणि तेच पक्षी दुसऱ्यांदा मोजले जातात. शिवाय विश्रांती मोडते ती वेगळीच. दहा-पंधरा मिनिटं दुर्बिणीला डोळा लावून बसा. पिसं साफ करताना किंवा एक पंख पायासोबत ताणताना टोक उघडतं.

वेळ साधायला तिथीचा जुना हिशोब कामी येतो: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ. द्वादशीला ९, त्रयोदशीला पावणेदहा, चतुर्दशीला साडेदहा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून भरतीचं कोष्टकही बघावं. ओहोटीला पक्षी चिखलावर पांगतात. भरतीच्या आधीचे दोन तास पाणी त्यांना कोरड्या वाळूच्या पट्ट्यावर गोळा करत आणतं, मोजायची वेळ ती. या तीन तिथींना ती सकाळच्या उजेडात पडते, दोन्ही पक्षांत मिळून महिन्यातून दोनदा.

आपले किनारे पश्चिमेला तोंड करून आहेत, तेव्हा सकाळी ऊन पाठीशी असतं. त्यात मतलई वारा जमिनीकडून येतो आणि कुरव वाऱ्याकडे तोंड करून बसतात, म्हणजे आपल्याकडे. चोच, डोळा, कानठिपका नीट दिसतो, आणि आपणहून उठले तरी आधी आपल्याच दिशेने येतात. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुरू झाला की सगळं उलटतं: ऊन डोळ्यांवर, पक्ष्यांची पाठ आपल्याकडे, आणि तापलेल्या वाळूवरची हवा थरथरत असल्याने ६० पट मोठं करूनही काही हाती लागत नाही. २० ते ३० पट पुरे.

कॅमेऱ्यात शटर निदान १/२००० ठेवावं. ओल्या काळपट वाळूवरचा पांढरा पक्षी जळतो, म्हणजे जास्त उजेडाने नुसता पांढरा डाग उरतो, म्हणून एक्स्पोजर पाऊण स्टॉप कमी. उजळ आकाशावर उडणाऱ्यासाठी एक स्टॉप जास्त. पांढरा भाग जळला की मिरर आणि पांढरी कड सारखीच दिसते, आणि फोटो असून नसल्यासारखा होतो.

हर्णैला भरतीपेक्षा होड्यांची वेळ महत्त्वाची. लिलावाच्या वेळी टाकाऊ मासळीवर थवा तुटून पडतो. तेव्हा पंख भरपूर दिसतात, पण मोजणी जमत नाही. तिथे फक्त वय आणि जातीचं प्रमाण घ्यावं, संख्या खाडीमुखावर. गुहागरला थवा लांबट पसरतो, म्हणून दहा-दहाचे गट करून एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून मोजावं.

थव्यात लांब चोचीचा, उतरत्या कपाळाचा, कानठिपका जेमतेम असलेला कुरव दिसला तर थांबा. तो सडपातळ चोचीचा असू शकतो. त्याचाही डोळा फिकट असतो, त्यामुळे घाईत तो तपकिरी डोक्याच्यात मोजला जातो. गुजरातेत तो भरपूर, आपल्याकडे त्या मानाने कमी.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना आहे, १९८७ पासून दरवर्षी होणारी. तिला या नोंदी द्यायच्या तर 'दोन्हींपैकी एक' हा रकाना मोकळेपणाने वापरावा. अंदाजाने जात लिहिण्यापेक्षा तो बरा. फेब्रुवारीपासून प्रौढांची डोकी रंगू लागतील. तपकिरी डोक्याचे पुढे लडाख-तिबेटकडच्या सरोवरांवर विणीला जातात.  हा रंगबदल टिपायला तक्त्यात 'डोकं किती रंगलं' असा रकाना वाढवला आहे: शून्य, अर्धं, पूर्ण. पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लांसमोर तो रिकामाच सोडायचा.