अण्णांची सही आणि बँक

माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, पार्किन्सन्स आहे. निदानाला फार फिरावं लागलं नाही. फोडणीचा वास येईनासा झाला होता, चालताना उजवा हात हलत नव्हता. न्यूरोलॉजिस्टनी तपासूनच सांगितलं, लेव्होडोपाच्या गोळ्या दिल्या, त्या लागूही पडल्या. छळ मांडला तो बँकेनं.

पैसे काढायचे होते. स्लिपवर अण्णांनी सही केली: पहिलं अक्षर ठसठशीत, मग बारीक होत होत आडनावापर्यंत नुसती मुंग्यांची रांग. काउंटरवरच्या बाई स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "मॅच होत नाही. काका, जरा नीट करा ना." नीट! उभा जन्म मस्टरवर सह्या केलेला माणूस. पुन्हा केली, ती आणखीच बारीक. मागचे लोक चुळबुळायला लागले. मी आजाराचं नाव सांगितलं, तर साहेब म्हणाले, "पण पेन धरल्यावर हात थरथरत नाहीये त्यांचा."

अहो, बहुतेकदा असंच असतं! हात मांडीवर निवांत पडला की थरथरतो, कामाला लागला की कंप कमी होतो. मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालीसाठी लागणारं रसायन, बनवणाऱ्या पेशी मरत जातात, म्हणून हालचाल मंद आणि लहान होते. अक्षर आक्रसतं ते त्यामुळेच. हे सगळं मी काउंटरवर उभी राहून सांगितलं. उत्तर काय? "नंतर या, मॅनेजर रजेवर आहेत."

शेवटी रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक छापून नेलं. आजारी, वृद्ध खातेदाराला सही जमत नसेल तर अंगठा चालतो. बँकेच्या ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. कागद दिसताच साहेबांचा आवाज मऊ झाला, खुर्चीही आली. इतके दिवस कुठे होती ती खुर्ची?

नव्या नमुना सहीसाठी जायचं तर गोळीचा असर चढलेला असतानाच जा. अण्णांना रेघांच्या कागदावर मोठं लिहायची सवय केली, त्यानंही फरक पडला. डॉक्टरांचं पत्र सोबत असू द्या. आणि हो, बँकेत निघण्याआधी डाळ-पनीरचं जड जेवण नको, प्रथिनांमुळे गोळी नीट शोषली जात नाही. सत्तरीपुढच्यांना घरपोच बँकिंग मिळतं, तेही विचारा. आम्हाला कुणी आपणहून सांगितलं नाही.

खातं आता सासूबाईंबरोबर जोडखातं केलंय, दोघांपैकी कुणाचीही सही चालेल असं. त्या अर्जावर मात्र अण्णांची सही लागलीच.