टिपरातली कोंबडी आणि पुरुमेंताची बरणी

आमच्या अंगणात सव्वादोन वर्षं एक टिपर, म्हणजे खनिज वाहायचा ट्रक, उभा होता. दहा चाकी, नारिंगी तोंडाचा, 2011 साली कर्ज काढून घेतलेला. गोव्याच्या खाणपट्ट्यात, उसगाव-तिस्कच्या बाजूला, तेव्हा ज्याच्या दारात टिपर नाही त्याच्याकडे लोक काळजीने बघायचे. आमचे हे दिवसाला पाच-सहा खेपा मारायचे. खाणीवर मिनेर, म्हणजे खनिज, भरायचा, जेटीवर बार्जसाठी ओतायचा, की परत खाणीवर. रात्री जेवायला बसले तरी कानांच्या पाळ्यांमागे लाल धूळ तशीच असायची.

सप्टेंबर 2012 मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाची बंदी आली आणि टिपर फणसाखाली येऊन थांबला. बेकायदा खाणकाम झालं होतं, हे खरं. आजूबाजूची शेतं गाळाने भरली होती, हेही खरं. कोर्टाचं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही. पण हप्ता महिन्याला 37 हजारांचा होता आणि तो मात्र पूर्ण कायदेशीर होता.

गेल्या महिन्यात आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका मुलीची नोकरी गेली. उपासना संपल्यावर चहाच्या वेळी तिने मला कोपऱ्यात गाठून विचारलं, “ताई, तुमच्या त्या दिवसांत तुमचा विश्वास कसा टिकला?” मी म्हटलं, चहा गार होतोय, पी. उत्तर माहीत नव्हतं म्हणून टाळलं असं नाही. उत्तर लांब होतं आणि त्यात एक कोंबडी होती. तेच आता लिहितेय.

आधी आम्ही कोण ते सांगते, कारण गोव्याबाहेरच्यांना नेहमी प्रश्न पडतो. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं. सासरे सत्तरच्या दशकात खाणीवर मेकॅनिक म्हणून इकडे आले. आम्ही मराठीतून उपासना करणारे प्रॉटेस्टंट, फोंड्यात भाड्याच्या सभागृहात दर रविवारी तीस-पस्तीस जण जमतो. कॅथलिक शेजाऱ्यांना आम्ही अर्धे हिंदू वाटतो आणि हिंदू शेजाऱ्यांना कॅथलिक. चतुर्थीला नेवऱ्या येतात, नाताळात आम्ही करंज्या पाठवतो. पदार्थ एकच, पण ते कोणी बोलून दाखवत नाही.

तर कोंबडी. टिपर उभा राहून तीनेक महिने झाले असतील. ड्रायव्हरच्या बाजूची काच पूर्ण वर जात नव्हती. तिथून शेजारच्या मावशींची कोंबडी आत शिरायला लागली आणि सीटवर अंडी घालायला लागली. माझा मुलगा रोज सकाळी चाकावर पाय देऊन चढायचा आणि अंडं काढून आणायचा. मी ते मावशींकडे परत पाठवलं, तर मावशी म्हणाल्या, ठेव, गाडीचं भाडं समज. त्या टिपरने त्या वर्षी कमावलेलं भाडं एवढंच.

त्याच सुमारास ओळखीतले एक बंधू घरी आले. आमच्या मंडळीतले नव्हेत, दुसरीकडचे. त्यांनी बॉनेटवर दोन्ही हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली आणि सांगितलं की चाळीस दिवसांत चाकं फिरतील, तुम्ही फक्त संशय धरू नका. मी तेव्हा इतकी रिकामी झाले होते की मला ते हवंहवंसं वाटलं. कॅलेंडरवर खुणा केल्या. त्याच कॅलेंडरवर यिर्मयाचं वचन छापलेलं होतं, 29:11, परमेश्वराच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत ते. खाली सूर्योदयाचा फोटो. चाळिसाव्या दिवशी सकाळी मी बाहेर गेले, तर कोंबडी सीटवर बसली होती आणि तिने माझ्याकडे मान तिरकी करून पाहिलं. नंतर त्या बंधूंना फोन केला तर ते म्हणाले, घरात कोणाचा तरी विश्वास कमी पडला असेल.

ते वाक्य यांनी ऐकलं. स्पीकर चालू होता.

त्यानंतर यांनी प्रार्थना सोडली. रागाने वगैरे काही नाही, बोलणंच कमी झालं, त्यात तेही गेलं. मी उपासनेला जायचे, पण चहा करायला. प्रार्थना सुरू झाली की मी मागे जाऊन स्टोव्ह पेटवायचे. पाळकांना कळत होतं. ते काही बोलले नाहीत, एकदा फक्त म्हणाले, “आलं जरा जास्त घाला, घसा धरलाय.” त्यांचे उपकार मी आजही मोजते. दुःखात असलेल्या माणसाला वचन पाठवण्याची जी घाई आपल्या लोकांना असते, तिच्याबद्दल माझं मत फार वाईट आहे. मंडळीतल्या बायका स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि महिन्याने ते एखाद्या घराला देतात. त्या वर्षी ते आमच्याकडे आले. डब्यावर ना नाव, ना चिठ्ठी. वेगवेगळ्या घरचे तांदूळ, उकडे, सुरय, कोलम सगळे मिसळलेले. तो भात कधी एकसारखा शिजला नाही. अर्धा गिचका, अर्धा कच्चा. आम्ही खाल्ला.

मे 2013 मध्ये मावशी म्हणाल्या, मडगावला चल, पुरुमेंताला. हातात पैसे नाहीत म्हटल्यावर त्यांनी कोंकणीतून सुनावलं, “पावस पडल्यार कितें खातलें?” पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. शब्द पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतो’वरून आलेला. पूर्वी जून लागला की नद्या फुगायच्या, होड्या बंद, मासेमारी बंद, म्हणून मे महिन्यातच घरं भरून ठेवायची. मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या फेस्तात अजूनही बाजार भरतो. सुके बांगडे, सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, गालमो म्हणजे सुका जवळा, सोलं म्हणजे आमसुलं, मिरच्या, कांद्याच्या माळा, मातीची भांडी. आणि हे फेस्त पवित्र आत्म्याचं. पेन्टेकॉस्टला प्रेषितांवर आत्मा उतरला, आणि त्याच्या नावाच्या सणात गोंयकार सुकी मासळी भरून घेतो. मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, बरोबरच आहे, आत्म्याला उपाशी माणसाचं काय काम? मग सुक्या बांगड्याचं पोट दाबून वास घेऊन दाखवला. नीट वाळलेला नसेल तर जुलैत त्यात किडे पडतात आणि शेजारच्या मालालाही लागतात. मी दोनशे रुपयांचा माल घेतला. मावशींनी आपल्यातली सोलं दिली.

घरी येऊन त्यांनी मला चेपणी, म्हणजे मिठात मुरवलेली कैरी, घालायला शिकवलं. कैऱ्या देठाजवळ चीर पडलेली नको, ओल नको. बरणी उन्हात तापवून घ्यायची, तळाला मीठ, मग एक थर कैरी, एक थर मीठ, वरून दगड. दोन-तीन दिवसांत कैरीचं पाणी सुटतं आणि ती आपल्याच पाण्यात बुडते. मिठाला हात आखडला की बुरशी. मी आखडला होता. मावशींनी माझ्या हातातून वाटी घेतली आणि दोन ओंजळी आणखी टाकल्या.

त्या पावसाळ्यात मी भात, सोलकढी आणि चेपणीची कैरी एवढ्यावर बरेच दिवस काढले, आणि रात्री झोप येत नसे तेव्हा माझ्याकडे आधीची काय बेगमी आहे ते चाचपून बघायला लागले. शब्बाथशाळेत पाठ केलेली सुवर्णवचनं होती, 23वं स्तोत्र, 121वं स्तोत्र. ती जिभेवर यायची, पण पोटात उतरायची नाहीत. उतरलं ते आजीचं.

आजीला वाचता येत नव्हतं. 1972च्या दुष्काळात तिने दुष्काळी कामावर खडी फोडली होती, सुकडी आणि लाल मिलो ज्वारी खाऊन. माझा जन्म त्यानंतरचा, 1973चा, पण मिलोच्या भाकरीचा उल्लेख निघाला की तिचं तोंड अजून कडू व्हायचं. संध्याकाळी ती मला स्तोत्रं वाचायला बसवायची आणि मी आपली हिरवी कुरणं, शांत पाणी काढलं की हात हलवायची. “ते नको. ते अंधाराचं वाच.” अंधाराचं म्हणजे 88वं. बायबलात रडणारी स्तोत्रं पुष्कळ आहेत, पण बहुतेकांत शेवटी कुठेतरी उजाडतं. हे मात्र असं की उजाडतच नाही. रात्रंदिवस हाक मारतोय, तू तोंड का लपवतोस, माझी माणसं तू माझ्यापासून तोडलीस, आणि अंधारातच संपतं. मला लहानपणी ते वाचताना भीती वाटायची. आजी मात्र शेवटी समाधानाने म्हणायची, “बघ, त्याच्याच पुस्तकात त्याच्यावर तक्रार. दाबून नाही टाकली.”

खडी फोडताना ती देवाला सरळ शिव्या द्यायची म्हणे. “तुला डोळे हायेत का?” आणि रविवारी मंडळीत सगळ्यांच्या पुढे बसायची. आमच्याकडे केडगावच्या पंडिता रमाबाईंचं नाव घरातल्या माणसासारखं निघायचं. 1870च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण गमावलेल्या, पुढच्या दुष्काळात शेकडो मुलीबायकांना स्वतः आणून सांभाळलेल्या, आणि 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गमावलेल्या. त्यानंतर वर्षभरात त्या स्वतःही गेल्या, तोवर बायबलाचं मराठी भाषांतर हातात होतंच. आजी सांगायची, रमाबाईंना कोणी म्हटलं का विश्वास कमी पडला म्हणून? म्हणून तर बघा!

मी रात्री ओट्यापाशी बसून 88वं मोठ्याने वाचायला लागले. प्रार्थना म्हणून नाही, भांडण म्हणून. चार-पाच रात्रींनंतर आतून हे म्हणाले, “जरा मोठ्याने वाच, पाऊस आहे, ऐकू येत नाही.”

मग एक दिवस कॅलेंडरवरच्या त्या वचनाचा सूड घ्यायला म्हणून यिर्मयाचा 29वा अध्याय पूर्ण वाचला. मला लाजच वाटली, आयुष्यभर ख्रिस्ती असून मी तो सलग कधी वाचला नव्हता. ते बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे. लवकर सुटका होईल असं सांगणारे संदेष्टे त्यांच्याकडेही होते, आणि यिर्मया लिहितो, त्यांचं ऐकू नका. सत्तर वर्षं लागतील. घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. हिताचे संकल्प त्या सत्तर वर्षांच्या पुढच्या ओळीत येतात. सूर्योदयाच्या फोटोखाली सत्तर वर्षं कोणी छापत नाही. मी ते यांना वाचून दाखवलं. हे बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “म्हणजे खाण लगेच सुरू होणार नाही.”

“नाही.”

“मग तो बॉनेटवाला...”

“तो नाहीच.”

घरी संध्याकाळची प्रार्थना मुलांमुळे चालू होती. धाकटी तेव्हा आठ वर्षांची. एका संध्याकाळी तिने डोळे घट्ट मिटून मागितलं, “प्रभू, बाबांना टिपर विकायची बुद्धी दे.” मी डोळे उघडले. हे हसत होते. दीड वर्षात पहिल्यांदा, अगदी खांदे हलेपर्यंत.

विकायला तरी कुठे सोपं होतं! सगळ्यांचेच टिपर विकायला निघालेले. एप्रिल 2014 मध्ये कोर्टाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली तेव्हा शेजारी म्हणाले, थांब, आता सुरू होईल. हे थांबले नाहीत. वर्षअखेरीला पडेल भावात टिपर गेला, कर्ज उरलंच, माझ्या बांगड्या गेल्या. हे शाळेची बस चालवायला लागले. नेऊन देताना टिपरच्या सीटखालून तीन अंडी निघाली, केव्हाची कोणास ठाऊक. त्यांचा वास अजून आठवतो. 2018च्या फेब्रुवारीत कोर्टाने 88 खाण-लीजचं नूतनीकरण रद्द केलं, मार्चमध्ये खाणी पुन्हा थांबल्या आणि दीराचा टिपर उभा राहिला. तेव्हा आमच्या घरून त्याच्याकडे मिसळलेले तांदूळ गेले. वचन पाठवलं नाही. जाऊ त्यावरून थोडी रुसलीसुद्धा, म्हणाली, ताई, तुम्ही तरी प्रार्थना करून जाल असं वाटलं होतं. हेही माझ्या हातून झालंय. त्या दिवशी तिला प्रार्थना हवी होती आणि मी आपलंच शहाणपण घेऊन गेले होते.

कर्ज 2019 मध्ये फिटलं. पुढच्याच वर्षी टाळेबंदी, शाळेची बस बंद. या वेळी हे अंगणात उभे राहून म्हणाले, “चला, कोंबडी शोधा.”

मे 2021 मध्ये गोव्यात रोज कोणा ना कोणाच्या घरून बातमी यायची. मावशी त्यातच गेल्या. आठ दिवस ताप, मग हॉस्पिटल, मग फोन. आम्हाला जाऊ दिलं नाही. संध्याकाळी त्यांच्या दारातल्या खुरसापाशी, म्हणजे क्रूसापाशी, चार घरं अंतर राखून उभी राहिली आणि तेर्स, त्यांची जपमाळेची प्रार्थना, म्हटला गेला. मला त्यांचं ते म्हणता येत नाही. मी मागे उभी राहून मनात 88वं म्हणत होते.

पंधरा दिवसांनी त्यांची मुलगी एक बरणी घेऊन आली. मावशींनी आजारी पडण्यापूर्वी घातलेली चेपणी, दगड तसाच वर. ती म्हणाली, आम्ही घर बंद करून जातोय, तुम्ही खा. जूनच्या पहिल्या पावसात झाकण काढलं. मीठ नेहमीसारखं जास्तच होतं, कैऱ्या टणक, पाणी स्वच्छ. सप्टेंबरपर्यंत पुरल्या.

मावशींची मुलगी पोर्तुगालला गेली. बरणी परत द्यायची राहिलीय. यंदा तिच्यात मीच कैऱ्या घातल्यात, आणि मंडळीतल्या त्या मुलीला रविवारी थोड्या नेऊन देणार आहे, मिसळलेल्या तांदळाबरोबर. प्रार्थना करू का, तेही या वेळी विचारीन.