पिन सुटली, तरी गाडी सोडली नाही

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी अमळनेरात मेकॅनिकला बसायला उसंत नसते. लेकी माहेरी आणायच्या असतात आणि महिनोन्महिने ताडपत्रीखाली पडलेल्या गाड्या नेमक्या तेव्हाच बाहेर निघतात. सकाळीच आप्पांचा फोन आला, "भाऊ, किल्ली फिरस नही. स्टेअरिंगबी जाम."

जुनी मारुती ८००. डावं पुढचं चाक ओट्याच्या दगडाला रेटलेलं. मी पोचलो तेव्हा गल्लीतली पोरं स्टेअरिंगला लोंबकळत होती आणि आप्पांचा मुलगा किल्लीला पक्कड लावून पिळत होता. आधी पक्कड काढून घेतली. किल्ली आत तुटली की काम दुप्पट वाढतं.

किल्ली काढली की एक पोलादी पिन स्प्रिंगच्या जोराने स्टेअरिंगच्या शाफ्टवरच्या खाचेत शिरते. चोराने वायरी जोडून इंजिन चालू केलं तरी त्याला गाडी वळवता येऊ नये, म्हणून ही सोय. पण चाक दगडाला टेकलेलं असलं तर त्याचा सगळा ताण शाफ्टमधून त्या पिनेवर येतो, ती खाचेत आवळली जाते आणि मग किल्ली फिरत नाही. बहुतेक वेळा कुलूप बिघडलेलं नसतंच, नुसतं अडकलेलं असतं. जोर लावून लोक ते बिघडवतात.

आप्पांची किल्ली वापरून गुळगुळीत झालेली. कपाटातली दुसरी, कंपनीची, फारशी न वापरलेली काढायला लावली. झिजलेल्या किल्लीवरून डुप्लिकेट काढली तर झीजही सोबत येते. भोकात ग्राफाइटची पूड फुंकली. तेल मी घालत नाही, आपल्याकडच्या धुळीत त्याचा चिखल होतो. मग जॅक लावून चाक उचललं. स्टेअरिंग एका बाजूला कडक लागत होतं, दुसऱ्या बाजूला किंचित दबत होतं. त्या दबत्या बाजूला हलकेच धरून किल्ली फिरवली. टक्!

पोरांनी टाळ्या पिटल्या. मी मात्र उतरलो नाही. किल्ली ऑनवर ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. एका जागी बोटांना खर्र लागलं. परत फिरवलं, परत तिथंच. किल्ली ऑनवर असताना पिन पूर्ण मागे राहायला हवी. ही पुढे डोकावत होती.

"पोर वाट देखी ऱ्हायनी," आप्पा म्हणाले. चोपड्याला जाऊन लेकीला घेऊन येतो, मग काय ते कर. चोपड्याच्या वाटेवर तापीचा पूल आहे. चालत्या गाडीत, पुलावर, पिन खाचेत पडली तर? मी किल्ली खिशात घातली. वडिलांच्या वयाच्या माणसाला नाही म्हणणं जड जातं, पण स्टेअरिंग आणि ब्रेक या दोन गोष्टींत मी कुणाचं ऐकत नाही. आप्पा रागारागात एसटी स्टँडकडे निघून गेले.

लॉक काढायचं म्हणजे खरी कसोटी. त्याचे बोल्ट बसवताना आवळत गेलं की डोकं मोडून पडतं, चोराला पाना लावायला काही उरत नाही. मलाही उरत नाही. वैशाखाच्या उन्हात डॅशबोर्डखाली आडवं पडून, बारीक छिन्नीने कडेला खाच पाडून, उलट्या दिशेने हळूहळू ठोकत ते फिरवावे लागले. लॉक हातात आलं तेव्हा कारण दिसलं. पिनेची एक कड चेपून बाहेर फुगली होती, तिच्यावरचे ओरखडे ताजे, चकाकणारे. ती फुगलेली कड भोकात घासून पिन अर्ध्यावर अडकत होती. पोरांनी दिलेल्या हिसक्यांची ती खूण.

बाजारातून नवा सेट आणून बसवला. पुन्हा किल्ली ऑन, पुन्हा दोन्ही टोकं. खरखर गेली होती.

संध्याकाळी आप्पा लेकीला घेऊन एसटीने परतले. माझ्याशी बोलायची त्यांची तयारी नव्हती. मी काही न सांगता जुनं लॉक त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी पिनेवरून अंगठा फिरवला, मुलाला हाक मारली आणि गाडी ओट्यापासून लांब लावायला सांगितली.