फर्नचा कचरा

कुंडीतल्या बर्ड्स नेस्ट फर्नच्या पानामागे एकदा तपकिरी रेघा दिसल्या, मधल्या शिरेपासून तिरप्या, कंगव्याच्या दातांसारख्या ओळीने. म्हटलं झालं, कीड लागली. साबणाचं पाणी घेऊन पान घासून काढलं, दोन दिवसांनी बघतो तर बाकीच्या पानांनाही तेच, मग तीही घासली. नंतर कळलं ते बीजाणू होते. नेच्याला, म्हणजे फर्नला, ना फूल ना फळ ना बी, पुढच्या पिढीचं सगळं भांडवल तिथेच, आणि मी ते बादलीत धुतलं होतं.

एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक. याची पानं मधे फनेलसारखी जमतात ना, त्यात शेजारच्या कुंडीतली वाळकी पानं पडायची, ती मी रोज वेचून टाकायचो. आता हा मूळचा राहतो कुठे, तर आशिया-ऑस्ट्रेलियातल्या उष्ण जंगलात, उंच झाडाच्या फांदीवर. तिथे माती कुठली? वरून गळणारी पानं तो फनेलमधे झेलतो, ती तिथेच कुजतात आणि मुळं त्यातच पसरतात. झाडाचा रस वगैरे पीत नाही हां, फक्त बसायला जागा घेतो. बोर्निओत अशी एकेक ओली घरटी 200 किलोपर्यंत भरतात. माझं मात्र एकदम चकाचक आणि उपाशी.

बाशिंग नावाचा नेचा त्याहून हुशार. सह्याद्रीत झाडांच्या खोडांवर असतं बघा. त्याला दोन तऱ्हेची पानं, एक लांब हिरवी आणि दुसरी बुडाशी खोडाला चिकटलेली, ती वाळून तपकिरी होतात पण गळत नाहीत, टोपलीसारखा कचरा धरून बसतात. माझ्याकडे असतं तर पहिल्याच दिवशी कात्री लागली असती. आणि लेकॅनॉप्टेरिस म्हणून एक आहे त्याच्या पोकळ खोडात मुंग्याच राहतात, त्या जे आणून टाकतात त्यावर हा पोसतो, त्याच्याभोवती तर मी मुंग्यांचा खडू ओढला असता.

पाणी मात्र यांना हवंच. बीजाणूतून आधी नखाहून लहान, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा उगवतो, त्यावर पाण्याचा थर असेल तरच पुंबीज, म्हणजे नर पेशी, पोहत स्त्रीबीजापर्यंत जाऊन फलन होतं. सुमारे 10 हजार जातींतल्या बहुतेक उष्ण, दमट जंगलात सापडतात त्यात नवल नाही.

सध्या फनेलमधे तीन वाळकी पानं पडलीयेत. एक चांगलंच काळं पडलंय, हात शिवशिवतायत पण आवरलेत. घरच्यांनी कालच विचारलं, हे साफ कोण करणार?