किनारा आणि सागर व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण: आकडा कुठून आला हे विचारण्याची विद्या

किनारा आणि सागर व्यवस्थापन या विषयात पदव्युत्तर पदवी घ्यावी का, असे मला अधूनमधून विचारले जाते आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुधा प्रवाळ, कासवे आणि संशोधन नौका असतात. ती चित्रे खोटी नाहीत, परंतु अभ्यासक्रमाचा मोठा भाग नकाशे, कायद्याची कलमे, मत्स्यसाठ्यांचे अंदाज आणि परस्परविरोधी मागण्या मांडणारी माणसे यांच्या सहवासात जातो. मी हे शिक्षण घेतले आहे. एखादा निर्णय ज्या आकड्यावर उभा आहे तो कोणी, कुठे आणि कशाने मोजला हे तपासण्याची सवय, आणि आकडा अपुरा आहे हे ठाऊक असूनही वेळेत निर्णय घेण्याची तयारी, हे मला त्यातून मिळालेले सर्वांत मोलाचे शिक्षण आहे.

या सवयीची गरज कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाच्या प्रकरणातून जितकी स्पष्ट होते तितकी क्वचितच दुसऱ्या कशातून होत असेल. १९६८ मध्ये तेथील कॉडची पकड सुमारे आठ लाख टनांवर पोहोचली होती आणि तिच्यात परदेशी ट्रॉलरांचा, म्हणजे जाळे ओढत मासे धरणाऱ्या मोठ्या जहाजांचा, वाटा मोठा होता. १९७७ मध्ये कॅनडाने आपली मासेमारीची हद्द २०० सागरी मैलांपर्यंत वाढवली, तेव्हा परकी जहाजे दूर गेल्यावर साठा सावरेल अशी अपेक्षा होती. साठ्याचा अंदाज दोन प्रकारच्या नोंदींवरून बांधला जात असे: संशोधन नौकांनी केलेले सर्वेक्षण आणि व्यापारी ट्रॉलरांना ठरावीक वेळात मिळणारी पकड. यातला दुसरा आकडा दीर्घकाळ समाधानकारक दिसत राहिला. संख्या घटत गेली तरी कॉड उरलेल्या अनुकूल जागी दाटीने एकत्र येतो आणि ध्वनिलहरींनी मासे शोधणारी यंत्रे असलेला ट्रॉलर नेमका त्याच जागी पोहोचतो, त्यामुळे साठा आटत असतानाही जाळे भरून वर येते. किनाऱ्यालगत एका जागी सापळे लावून मासे धरणाऱ्यांची गोष्ट वेगळी होती. ते माशामागे फिरत नव्हते, म्हणून त्यांना १९८० च्या दशकातच मासा कमी आणि लहान येत असल्याचे दिसत होते, आणि ते तसे सांगतही होते. अखेर २ जुलै १९९२ रोजी सरकारने कॉडच्या व्यापारी मासेमारीवर बंदी घातली आणि सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला. ती बंदी उठायला २०२४ साल उजाडले, आणि तेव्हाही कोटा मर्यादितच ठेवावा लागला.

या प्रकरणात राजकीय दबाव होता, मासळी उद्योगाची घाई होती, समुद्राच्या तापमानाचा प्रश्नही होता. पण विद्यार्थ्याने राजकारणाला दोष देऊन थांबू नये असे मला कळकळीने वाटते. ठरावीक प्रयत्नामागे (वेळ, जाळी, फेऱ्या यांमागे) मिळणारी पकड हा साठ्याचा विश्वासार्ह निर्देशक केव्हा असतो आणि केव्हा नसतो, हे ज्याला समजले त्याला आकडेवारीचे महत्त्व समजले, आणि लहान होडीवाल्याचे म्हणणे हीसुद्धा एक प्रकारची नोंद असते हेही समजले. म्हणूनच या अभ्यासक्रमात संख्याशास्त्र आणि मुलाखतीचे तंत्र शेजारी शेजारी शिकवले जाते. पहिल्या सत्रात त्या दोहोंची सांगड अनेकांना लागत नाही. जीवशास्त्रातून आलेल्यांना मुलाखती ढिसाळ वाटतात आणि समाजशास्त्रातून आलेल्यांना समीकरणे निर्जीव वाटतात. एकाच वर्गात दोन्ही प्रकारची माणसे असणे हा या शिक्षणाचा मोठा लाभ आहे. अर्ज करताना वर्गात कोणकोणत्या शाखांचे विद्यार्थी येतात हे जरूर विचारावे.

सागरी कायद्याचा विषय कोरडा असतो असा समज आहे. मला तो अत्यंत जिवंत वाटला. १९८२ मध्ये संमत झालेल्या आणि १९९४ पासून लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारानुसार प्रादेशिक समुद्र (देशाच्या सार्वभौम सत्तेखालचे पाणी) १२ सागरी मैलांपर्यंत आणि अनन्य आर्थिक क्षेत्र (जिथल्या मासळीवर आणि खनिजांवर त्या देशाचा हक्क असतो ते) २०० सागरी मैलांपर्यंत असू शकते, हे पाठ करायला सोपे आहे. पण हे मैल मोजायचे कुठून? करारातील सर्वसाधारण आधाररेषा म्हणजे किनारी देशाने मान्य केलेल्या मोठ्या प्रमाणाच्या नकाशांवर दाखवलेली ओहोटीची रेषा. ही रेषा काही किनाऱ्यावर आखलेली नसते. उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची) आणि भांगाची (अष्टमीच्या सुमाराची) ओहोटी वेगवेगळ्या पातळीवर थांबते, शिवाय चंद्राच्या कक्षेचे सुमारे १८.६ वर्षांचे आवर्तन असल्यामुळे भरती-ओहोटीच्या सरासरीसाठी १९ वर्षांच्या नोंदी धरण्याची पद्धत आहे. त्यात जागतिक सरासरी समुद्रपातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटरने वाढलेली आहे. एखादे सखल बेट बुडाले किंवा मागे सरले तर त्याच्याभोवतीचा विशाल सागरी प्रदेशही त्या देशाच्या हातून जायचा का, हा प्रश्न त्यामुळे केवळ तात्त्विक राहिलेला नाही. प्रशांत महासागरातील द्वीपराष्ट्रांच्या मंचाने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरनामा काढून आपली सागरी क्षेत्रे समुद्रपातळी वाढली तरी कमी होणार नाहीत अशी भूमिका घेतली. भरतीमापकाच्या नोंदवहीपासून देशाच्या हक्कापर्यंत जाणारी ही साखळी समजणे, याला मी या विषयाचे खरे आकलन म्हणेन.

किनाऱ्याच्या धुपेबाबतही हेच घडते, मात्र तिथे मोजमापाची चूक सहसा सीमेच्या रूपाने येते. वाळू किनाऱ्याला समांतर वाहत असते आणि तिला प्रशासनाच्या हद्दी ठाऊक नसतात. एका ठिकाणची दरड झिजते तेव्हा तिच्यातूनच पुढच्या पुळणीला वाळू मिळते, म्हणून दरडीपुढे बंधारा उभारला की वरचे गाव वाचते आणि प्रवाहाच्या पुढच्या गावाची पुळण उपाशी राहते. इंग्लंड आणि वेल्समध्ये या कारणाने किनाऱ्याचे ११ मुख्य गाळ-प्रदेश मानून त्यांनुसार आराखडे केले गेले. त्यांत किनाऱ्याच्या प्रत्येक तुकड्यासाठी चारपैकी एक धोरण ठरते: आहे ती रेषा राखणे, ती पुढे नेणे, नियोजनपूर्वक मागे सरकणे किंवा काहीही न करणे. शेवटची दोन धोरणे कागदावर लिहिणे सोपे आणि तेथील रहिवाशांना सांगणे फार अवघड असते. नेदरलँड्सने २०११ मध्ये दक्षिण हॉलंडच्या किनाऱ्यावर २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू एकाच ठिकाणी टाकली आणि ती शेजारच्या किनाऱ्यावर पसरवण्याचे काम लाटा, वारा आणि प्रवाहांवर सोपवले. हा प्रयोग मला मनापासून आवडतो, परंतु तो त्या देशाच्या गाळाच्या, पैशाच्या आणि संस्थांच्या परिस्थितीत शक्य झाला, हे लक्षात न घेता त्याची नक्कल सुचवणारे प्रबंध वाचले की वाईट वाटते.

लोकसहभाग हा शब्द या क्षेत्रात इतका वापरला जातो की त्याची धार बोथट झाली आहे. ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळ-प्रदेशाच्या २००४ च्या क्षेत्रनियोजनाचा (कुठल्या भागात काय करायला परवानगी हे ठरवण्याचा) अभ्यास केला तर ती परत येते. त्या नियोजनाने मासेमारीला पूर्ण बंदी असलेला भाग पाच टक्क्यांहून कमी होता तो सुमारे ३३ टक्क्यांवर नेला आणि त्याआधी लोकांकडून ३१,००० हून अधिक लेखी निवेदने आली. एवढी निवेदने वाचणे, त्यांतील जागांचा उल्लेख नकाशावर नोंदवणे आणि शक्य तिथे रेषा हलवणे हे काम कष्टाचे आहे. व्यवस्थापन म्हणतात ते बरेचसे असेच असते.

अभ्यासक्रम निवडताना विद्यापीठाच्या नावापेक्षा तो कुठे आणि कोणाच्या सोबतीने शिकवला जातो याकडे मी अधिक पाहीन. आइसलँडमध्ये इसाफ्यॉर्दुर या मासेमारीवर वाढलेल्या लहान गावात हा विषय २००८ पासून पदव्युत्तर पातळीवर शिकवला जातो. ज्या समुदायाचा प्रश्न अभ्यासायचा त्याच्या शेजारी राहणे ही तेथील जमेची बाजू आहे. मोठ्या शहरातील विद्यापीठात ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि कायद्याचे तज्ज्ञ अधिक मिळतात, पण तिथे क्षेत्रकार्यासाठी किती आठवडे राखून ठेवले आहेत हे तपासावे. संगणकीय नकाशाप्रणाली (जीआयएस) आणि संख्याशास्त्र अनिवार्य आहे का, हेही पाहावे. ते ऐच्छिक असेल तरी घ्यावे, कारण नोकरीच्या पहिल्या दिवसापासून तेच उपयोगी पडते. नियामक कार्यालये, बंदरे, सागरी पवनऊर्जा प्रकल्पांचे पर्यावरण अभ्यास, संरक्षित क्षेत्रे आणि सल्लागार संस्था अशा ठिकाणी कामे मिळतात. बहुतेक कामे अहवाल लिहिण्याची असतात, हे आधीच समजून घेतलेले बरे.

प्रबंधाचा विषय मात्र लहान घ्यावा. सागरी संरक्षित क्षेत्रांचे जागतिक मूल्यमापन करण्यापेक्षा एका खाडीच्या मुखाशी गाळ कुठे साचतो, तेथील होड्या भरती-ओहोटीच्या कोणत्या वेळी बाहेर पडतात आणि नव्या नियमाने त्यांचा कोणता मार्ग बंद होतो, एवढेच नीट दाखवता आले तर ते अधिक मोलाचे ठरते. त्या नोंदी कशा घेतल्या, कोणत्या महिन्यांत घेतल्या आणि कोणाशी बोलणे राहून गेले, हे प्रबंधात स्पष्ट लिहावे. काम संपल्यावर त्याचा सारांश ज्यांनी माहिती दिली त्यांच्या भाषेत लिहून त्यांना द्यावा आणि त्यांनी काढलेल्या चुका पदवी मिळाली असली तरी दुरुस्त कराव्यात.