कापड कमी पडलं म्हणून

शनिवार, रात्र

साठच्या दशकातली ब्रिटिश मॉडेल जीन श्रिम्प्टन, तिचा तो फोटो आज पुन्हा बघत बसले. मेलबर्न, फ्लेमिंग्टन रेसकोर्स, 30 ऑक्टोबर 1965, डर्बी डे, म्हणजे घोड्यांच्या शर्यतीचा मानाचा दिवस. बिनबाह्यांचा साधा पांढरा फ्रॉक, गुडघ्याच्या सुमारे 4 इंच वर. डोक्यावर हॅट नाही, हातमोजे नाहीत, स्टॉकिंग्ज नाहीत. मनगटावर पुरुषी घड्याळ. आजूबाजूच्या बायका मात्र हॅट-हातमोज्यांसकट नटून आलेल्या.

या फ्रॉकवर आजवर रकानेच्या रकाने लिहिले गेले. बंड, क्रांती, नव्या पिढीची घोषणा. मी शिवणकाम करते, मला आधी दिसतं ते कापड. ड्यूपाँट कंपनीला आपल्या ऑर्लॉन या कृत्रिम धाग्याची जाहिरात करायची होती, म्हणून तिला ऑस्ट्रेलियाला बोलावलेलं. कपडे कॉलिन रोल्फ शिवणार होता, पण कंपनीने दिलेलं कापड त्याला पुरेना. तेव्हा जीनच म्हणाली की उंची कमी कर, कुणाच्या लक्षातही येणार नाही. ज्याने कधी कापड बेतलंय त्याला हे लगेच कळेल. कापड अपुरं असलं की बाहीला, घेराला, नाहीतर उंचीला कात्री लागतेच. लंडनच्या मुली तेव्हा असे आखूड फ्रॉक सर्रास घालू लागल्या होत्या, त्यामुळे तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मेलबर्नला वाटलं. वर्तमानपत्रांनी तिला झोडपून काढलं. फोटोग्राफर गुडघे टेकून खालून फोटो काढत होते, म्हणजे फ्रॉक आहे त्याहून आखूड दिसावा! याचा मला आजही राग येतो. मंगळवारी मेलबर्न कपला, म्हणजे तिथल्या सर्वात मोठ्या शर्यतीला, ती करड्या सूटमध्ये आली, हॅट, हातमोजे, स्टॉकिंग्ज सगळं घालून. ती नमली, असं कुणी म्हटलेलं मला सहन होत नाही. 22 वर्षांची पोर, घरापासून हजारो मैल लांब, आणि अख्खं शहर तिच्या गुडघ्यांवर बोलतंय.

ती इंग्लंडमध्ये, बकिंगहॅमशायरमध्ये शेतावर वाढली, कॉन्व्हेंटमध्ये शिकली. लंडनला आली ती सेक्रेटरीचं काम शिकायला. मग ल्यूसी क्लेटनची मॉडेलिंगची शाळा, आणि मग फोटोग्राफर डेव्हिड बेली. 1962 साली दोघं 'व्होग' या फॅशन मासिकासाठी न्यूयॉर्कला गेले. थंडी कडाक्याची. स्टुडिओतली पुतळ्यासारखी पोझ सोडून बेलीने तिला रस्त्यावर, गर्दीत उभं केलं, हातात टेडी बेअर देऊन. ते फोटो मी कितीही वेळा बघू शकते. मॉडेल असून तिच्या चेहऱ्यावर 'माझ्याकडे बघा' असं काहीच नाही. तिचं आणि बेलीचं प्रेम, नंतर नट टेरेन्स स्टॅम्प, यावर लोकांनी भरपूर लिहिलंय. मला त्यात रस नाही.

मला ओढ आहे ती तिच्या नंतरच्या आयुष्याची. जगातल्या सर्वात महागड्या मॉडेल्समध्ये गणना व्हायची तिची, तरी ते सगळं सोडून ती इंग्लंडच्या टोकाला, कॉर्नवॉलला गेली. मॅराझायनमध्ये जुन्या वस्तूंचं दुकान काढलं. 1979 साली लग्न केलं, मुलगा झाला, आणि नवऱ्याबरोबर पेन्झान्समध्ये अ‍ॅबी हॉटेल चालवलं. प्रसिद्धीचं तिला कधीच कौतुक नव्हतं, हे तिने स्वतःच पुढे सांगितलंय.

एवढं रूप, एवढं नाव, आणि शेवटी हॉटेल? असं विचारणारे भेटतात. मला तो प्रश्नच पटत नाही. विशीत तिच्या फ्रॉकची उंची साऱ्या जगाने मोजली. पुढचं आयुष्य कुठे आणि कसं काढायचं हे तिचं तिने ठरवलं, आणि मॉडेलिंग मागे सोडलं. तिच्या हॉटेलातल्या खोल्या, पाहुणे, रोजचे हिशेब यावर कुणी सविस्तर लिहिलं तर मी ते फॅशनच्या कुठल्याही अंकाआधी वाचेन.